पोलिसांवरील हल्ले व शिक्षेची वाढ

कोठे तरी एखाद्या पोलीस शिपायाचे डोके फुटते, वर्तमानपत्रांतून त्याचे पट्टी बांधलेले छायाचित्र येते, दोन दिवस सर्वत्र हळहळ होते, आणि तिसऱ्या दिवशी कायदा कडक करा अशी मागणी उठते. ही मागणी नवी नाही, आणि तिच्या मुळाशी असलेला संताप खोटाही नाही. ज्याच्या अंगावर सरकारी गणवेश आहे त्याच्यावर उगारलेला हात हा केवळ एका माणसावर उगारलेला नसतो, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. ह्याच मागणीच्या पोटी महाराष्ट्राने २०१८ मध्ये शिक्षा वाढविणारा कायदा एकदा करून पाहिला. तो कायदा आज नव्या गुन्ह्यांस लागत नाही, ही गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊकही नसेल. तो जसाच्या तसा पुन्हा आणावा असे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. पोलिसांविषयीची आमची कळकळ कोणाहून कमी म्हणून नव्हे. तर त्या कायद्याने पोलिसांची पाठ राखली गेली नाही व सामान्य रयतेच्या मानेवर मात्र एक नवे जू आले, असे आम्हांस वाटते म्हणून.

मुंबईच्या विधानभवनातून हा प्रश्न जसा दिसतो तसा तो वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी गावातून दिसत नाही. विधानभवनात ‘पोलीस’ म्हटले की डोळ्यांसमोर दंगलीत दगड झेलणारा शिपाई उभा राहतो. इंझोरीत सरकार ह्या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे सरकार म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, पोलीस पाटील, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन आणि एस. टी.चा कंडक्टर. कायद्याच्या दृष्टीने ही सर्व मंडळी ‘लोकसेवक’ आहेत. भाषणे पोलिसांच्या नावाने होतात, परंतु कलमात शब्द आहे लोकसेवक. म्हणून शिक्षा वाढली की ती ह्या सर्वांच्या बाबतीत वाढते. पिकाच्या पंचनाम्यावरून झालेली बाचाबाची, थकलेल्या बिलापायी वीज तोडण्यावरून झालेली ओढाताण आणि सुट्या पैशांवरून बसमध्ये झालेली धक्काबुक्की, ही सर्व प्रकरणे त्याच एका कलमाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहतात. आमच्या भागात हे कलम ‘तीनशे त्रेपन्न’ ह्या आकड्यानेच प्रसिद्ध आहे. ज्याला दंडसंहितेचे दुसरे एकही कलम सांगता येणार नाही, अशा शेतकऱ्यालाही हा आकडा माहीत असतो. आणि कचेरीत आवाज चढू लागला की समोरचा कारकून त्याची आठवण करून देण्यास चुकत नाही.

हे कलम आले कोठून? १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत लोकसेवकाच्या संरक्षणासाठी तीन पायऱ्या होत्या. कलम ३५३ प्रमाणे लोकसेवकास कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी हमला अथवा फौजदारीपात्र बलप्रयोग केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. कलम ३३२ प्रमाणे त्याच हेतूने दुखापत केल्यास तीन वर्षांपर्यंत. आणि कलम ३३३ प्रमाणे जबर दुखापत केल्यास दहा वर्षांपर्यंत. म्हणजे धक्का, जखम आणि हाडमोड अशी चढती भाजणी होती. ही संहिता सत्तावन्नच्या बंडानंतर लगेच अंमलात आणणारे राज्यकर्ते काही रयतेचे कैवारी नव्हते. आपल्या अंमलदारांचा दरारा राखणे हा त्यांचा हेतू उघड होता. तरीही गुन्ह्याच्या वजनाप्रमाणे शिक्षेचे वजन असावे, एवढा विवेक त्यांनी सोडला नाही.

आमच्या स्वराज्यातील विधिमंडळाने २०१८ मध्ये ही भाजणी मोडली. त्याआधीच्या सहासात वर्षांत एकामागून एक अशा घटना घडल्या होत्या की, कोणाही सहृदय माणसाचा संयम सुटावा. २५ जानेवारी २०११ रोजी, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे ह्यांस मनमाडजवळ तेलात भेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जाळून मारले. ११ ऑगस्ट २०१२ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर जमाव पोलिसांवर तुटून पडला आणि महिला शिपायांच्या अंगावर हात टाकण्यापर्यंत मजल गेली. मार्च २०१३ मध्ये तर कायदे जेथे घडतात त्या विधानभवनाच्या आवारातच सचिन सूर्यवंशी नावाच्या पोलीस अधिकाऱ्यास मारहाण झाली. आदल्या दिवशी वांद्रे-वरळी सागरी सेतूवर त्याने एका आमदाराची गाडी वेगासाठी अडविली होती, एवढाच त्याचा अपराध. त्या प्रकरणी पाच आमदार निलंबित झाले. पुढे ऑगस्ट २०१६ मध्ये खार येथे कागदपत्रांची विचारणा करणाऱ्या विलास शिंदे ह्या वाहतूक हवालदाराच्या डोक्यात प्रहार झाला व आठ दिवस मृत्यूशी झगडून त्याने प्राण सोडला. त्यानंतर राज्यात ठिकठिकाणांहून हल्ल्यांच्या वार्ता येऊ लागल्या; पोलिसांच्या बायका रस्त्यावर आल्या; आणि सरकारला काही तरी केल्याचे दाखविणे भाग पडले.

सरकारने जे केले ते असे. कलम ३५३ ची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षे केली, कलम ३३२ ची तीनवरून पाच केली, आणि हे खटले न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून सत्र न्यायालयाकडे दिले. फौजदारी कायदा हा केंद्र व राज्य ह्यांचा सामाईक विषय. म्हणून ह्या दुरुस्तीस राष्ट्रपतींची संमती लागली, आणि ती मिळून २०१८ मध्ये कायदा अंमलात आला.

ह्या दुरुस्तीचा परिणाम नीट लक्षात घेतला पाहिजे. धक्का आणि जखम ह्यांतील अंतर तिने पुसून टाकले. शिपायाच्या डोक्यात दगड घालून रक्त काढणारा आणि तलाठ्याचा हात झिडकारणारा, दोघेही पाच वर्षांच्या एकाच तराजूत बसले. व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो, ज्या दुकानात पावशेर आणि शेर एकाच भावाने विकले जातात तेथे गिऱ्हाईक काय करील? तो शेरच उचलील. अपराध्याच्या बाबतीतही न्याय निराळा नाही. हिसका देण्यास जी शिक्षा तीच लाठी मारण्यास असेल, तर हिसक्यावर थांबण्यास कायद्याने कोणते कारण ठेवले?

शिवाय ‘हमला’ ह्या शब्दाचा कायद्यातील अर्थ आपल्या नित्याच्या बोलण्यातील अर्थाहून फार पातळ आहे. अंगाला बोटही लागण्याची आवश्यकता नाही. समोरच्यास आता बळ वापरले जाईल अशी भीती वाटावी, असा हावभाव केला तरी तो हमला होतो. नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे, असे कायदा म्हणतो खरा. परंतु शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो, हेही तोच सांगतो. रागाने हात वर केला की केवळ बोलण्याच्या ओघात केला, हे ठरवावयाचे कोणी? प्रथम ठरवितो तो फिर्यादी, म्हणजे तोच लोकसेवक. नंतर ठरवितो तो तपासी अंमलदार. आणि फिर्यादी जर पोलीसच असेल तर तपासही त्याच्याच खात्याकडे. न्यायाधीशाचा नंबर पुढे केव्हा तरी लागतो.

समजा, अवकाळी पावसाने सोयाबीन झोपले आहे. नुकसानीच्या यादीत शेजाऱ्याचे नाव आले, आपले आले नाही, म्हणून इंझोरीचा एखादा अल्पभूधारक तलाठ्याकडे जातो. बोलाचाली होते. कागद पाहू द्या म्हणून तो दप्तराला हात घालतो, तलाठी दप्तर मागे ओढतो, कागद फाटतो. दोघांचेही चुकले असे चावडीवर बसलेले चार वृद्ध म्हणतील. आणि पूर्वीच्या काळी ते तेथेच मिटलेही असते. परंतु सायंकाळी फिर्याद नोंदली जाते. गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यात जामीन मिळावयाचा नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमारच्या खटल्यात बजावून ठेवले आहे. परंतु हा निवाडा ज्यास माहीत आहे तोच त्याचा आधार घेणार, आणि वकील मिळेपर्यंत रात्र जातेच. २०१८ च्या दुरुस्तीने तालुक्याच्या कोर्टात निकालात निघण्याजोगे हे प्रकरण सत्र न्यायालयात गेले. प्रत्येक तारखेला मजुरी बुडवावयाची, बसभाडे भरावयाचे, वकिलाची फी द्यावयाची; आणि पुष्कळदा शेवट निर्दोष सुटकेतच व्हावयाचा. अशा ठिकाणी शिक्षा निकालात नसते, ती तारखांत असते.

ह्याच गावातील तरुणांचा विचार करा. वऱ्हाडातील कोणत्याही रस्त्यावर पहाटे पाच वाजता जा, पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले दिसतील. कोरडवाहू शेतीतून सुटण्याचा हाच एक मार्ग त्यांस दिसतो. ह्यांपैकी एखाद्याचे नाव गर्दीत सापडले व ह्या कलमाखाली गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो कागद पुढे येतो. ज्या गणवेशाच्या रक्षणासाठी कायदा कडक केला तो गणवेश चढविण्याची त्याची वाट त्या एका कागदाने बंद होऊ शकते.

कोणी म्हणेल, ह्या कल्पित गोष्टी झाल्या. दुरुपयोगाचा पुरावा काय? पुरावा न्यायालयांच्या निवाड्यांतून आहे. बंगळूरच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर एका अधिकाऱ्याच्या वर्तनाची तक्रार लिहिली, तर त्यांच्यावर हेच ३५३ कलम लावण्यात आले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला रद्द केला. तक्रार लिहिणे म्हणजे बलप्रयोग नव्हे, हे सांगण्यास देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले. आमच्या विदर्भातच, वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात झालेल्या बोलण्याचे चित्रीकरण केले म्हणून एका गृहस्थावर शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील निषिद्ध स्थान नव्हे, असे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठास सांगावे लागले. कलम निराळे, पण वृत्ती तीच.

आणखी एक साक्ष अशी आहे की ती ऐकून हसावे की रडावे हे कळत नाही. ज्या विधिमंडळाने शिक्षा वाढविली त्याच विधिमंडळाच्या सदस्यांनी पुढे, पक्षभेद विसरून, ह्या कलमाचा अधिकारी गैरवापर करतात अशी ओरड सुरू केली. मोर्चा काढला की ३५३, कचेरीत जाब विचारला की ३५३, असे त्यांचे गाऱ्हाणे. ते गाऱ्हाणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्याप्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली म्हणजे आमदारकी जाते. आणि २०१३ पासून, लिली थॉमसच्या खटल्यातील निर्णयामुळे, ती अपिलाची वाट न पाहता तत्काळ जाते. कायद्याची धार स्वतःच्या बोटाला लागल्यावरच ती किती तीक्ष्ण आहे हे कळावे, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु इंझोरीच्या अल्पभूधारकास विधिमंडळात उभे राहून आपले बोट दाखविता येत नाही.

आता नव्या परिस्थितीकडे वळू. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. मूळ वृक्षच गेल्यावर त्यावर महाराष्ट्राने केलेले कलमही गेले. नव्या संहितेच्या कलम १३२ प्रमाणे लोकसेवकावरील हमला किंवा बलप्रयोग ह्यास पुन्हा दोन वर्षांपर्यंतचीच शिक्षा आहे. परंतु दुखापत केल्यास, कलम १२१ प्रमाणे, जुन्या तीन वर्षांच्या जागी आता पाच वर्षांपर्यंत. आणि जबर दुखापतीस कमीत कमी एक वर्ष ते दहा वर्षे. दंगा शमविणाऱ्या लोकसेवकावर हल्ला केल्यास कलम १९५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद अथवा पंचवीस हजारांहून कमी नाही इतका दंड, किंवा दोन्ही. ३० जून २०२४ च्या रात्री दिलेल्या धक्क्याला महाराष्ट्रात पाच वर्षे आणि १ जुलैच्या सकाळी दिलेल्या धक्क्याला दोन वर्षे, हा विचित्र प्रकार त्यातून घडला खरा. परंतु तो विचित्रपणा बाजूस ठेवला, तर रक्त काढणाऱ्यास अधिक व धक्का देणाऱ्यास कमी ही मोडलेली भाजणी पुन्हा उभी राहिली आहे. ह्या एका बाबतीत तरी नव्या संहितेचे आम्ही स्वागत करतो. दुसऱ्या बाबींविषयी आमचे मत येथे सांगण्याचे कारण नाही. राज्याने पुन्हा दुरुस्ती करून कलम १३२ पाच वर्षांवर नेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. ज्याने पोलिसाचे रक्त काढले त्याच्यासाठी पाच व दहा वर्षे तयारच आहेत.

वाढीव शिक्षेच्या बाजूने जो मुख्य युक्तिवाद केला जातो तो जरबेचा. शिक्षा जबर असली म्हणजे लोक भितात, असे म्हणतात. इटलीच्या बेक्कारियाने १७६४ मध्येच ह्याचे उत्तर देऊन ठेवले आहे: अपराध्यास आवर घालते ती शिक्षेची कठोरता नव्हे, तिची निश्चिती. सोनवणे ह्यांस जाळणाऱ्यांपुढे खुनाचे कलम आणि फाशीचा दोर नव्हता काय? होता, आणि तरी त्यांनी जाळले. कारण आपल्या धंद्याचे हप्ते वरपर्यंत पोहोचतात, आपणांस कोण हात लावतो, अशी त्यांची खात्री असली पाहिजे. ती खात्री मोडण्याचे काम तीनाचे पाच वर्षे करून होत नाही. इंग्लंडाचे उदाहरण घ्या. तेथेही पोलीस, अग्निशामक, रुग्णवाहिकेचे सेवक ह्यांच्यावरील हल्ल्यांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्यात शिक्षा एक वर्षापर्यंत होती, ती २०२२ मध्ये दोन वर्षांपर्यंत नेली. हल्ल्यात कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर मात्र जन्मठेपेपर्यंत कठोर तरतूद केली. म्हणजे साध्या हल्ल्यास दोन वर्षे ही मर्यादा त्या श्रीमंत देशासही पुरेशी वाटते. ज्या देशाची संहिता आम्ही शंभर दीडशे वर्षे वागविली, त्याहून अडीचपट कठोर होण्याची आम्हांस का घाई व्हावी?

पोलिसांचे खरे हित कशात आहे, हे पोलिसांसच विचारावे. मानोरा तालुक्यातच पोहरादेवी आहे. रामनवमीच्या यात्रेस देशभरातून बंजारा समाज तेथे लोटतो. चैत्राच्या उन्हात, डांबर वितळत असता, बंदोबस्तावर उभ्या असलेल्या शिपायास किती तासांनी बदली मिळते हे कोणी पाहिले आहे काय? २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात एका शिपायाच्याच सूचनेवरून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर ह्यांनी तो उचलून धरला. बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस चिडतो, चिडलेला माणूस शिवी देतो, शिवीला उत्तर शिवीने येते आणि मग हात उठतात. पुष्कळशा चकमकींचा उगम अशा थकव्यात असतो. देवनारचा प्रयोग तालुक्यातालुक्यांच्या ठाण्यांपर्यंत पोहोचविण्यास पैसा लागतो, नवी भरती लागते. कायद्यातील ‘दोन’ हा शब्द खोडून ‘पाच’ लिहिण्यास शाईखेरीज काही लागत नाही. सरकारांस हा दुसरा उपाय अधिक का आवडतो ह्याचे कोडे फार कठीण नाही.

आणि खेड्यातला पोलीस पाटील? १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखाली नेमलेला हा माणूस गणवेशाविना, शस्त्राविना, तुटपुंज्या मानधनावर सरकारची गावातील बाजू सांभाळतो. नदीतून रात्री वाळू उपसली जाते, ती खबर त्याने द्यावयाची. आणि सकाळी ट्रॅक्टरवाल्याच्याच दारावरून शेतावर जावयाचे. त्याच्यावर हल्ला झाला तर ठाण्याची गाडी येईपर्यंत तो एकटाच. खटला उभा राहिला तर पंच व साक्षीदार गावचेच. वर्षे लोटली की ते फितूर होतात, कारण त्यांसही त्याच गावात नांदावयाचे असते. मारणारा सुटतो, आणि पुन्हा त्याच पाराजवळ बसून पाटलाकडे पाहून मिशीवर ताव देतो. ह्या पाटलास पाच वर्षांच्या कलमाचा काय उपयोग? त्याचा खटला सहा महिन्यांत संपला असता, साक्षी ताज्या असता झाल्या असत्या, आणि मारणाऱ्यास सहा महिनेच का होईना पण खरोखर तुरुंग दिसला असता, तर त्याच्या पाठीला खरा आधार मिळाला असता. २०१८ च्या दुरुस्तीने नेमके उलट केले. आधीच खुनांच्या व बलात्कारांच्या खटल्यांनी वाकलेल्या सत्र न्यायालयांवर धक्काबुक्कीचे खटले लादले आणि निकाल आणखी दूर नेला.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू बोलावयास अवघड आहे, पण ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. गणवेशावर हात उठतो तसा गणवेशाचाही हात उठतो. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर जे गुदरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी शिपायांस जे सोडले, त्याने सारा देश हादरला व १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे पोलिसांच्या संरक्षणाची ही दुरुस्ती चालू असतानाच, सांगलीच्या पोलीस कोठडीत एका तरुणाचा मारहाणीने मृत्यू झाला आणि पोलिसांनीच त्याचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळल्याचे उघडकीस आले. त्याहूनही मागे, १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरला जमावाने सरकारी अधिकारी ठार मारले, आणि मागाहून आलेल्या फौजेने त्या गावातील स्त्रियांवर जे अत्याचार केले त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी ह्यांस दोन महिने अन्नत्याग करावा लागला. एका बाजूचा हिंसाचार दुसऱ्या बाजूच्या हिंसाचारास कधीच पुरून उरत नाही. तो त्याला वाढवितो. म्हणून पोलिसाला संरक्षण देणारा कायदा आणि पोलिसाला जबाबदार धरणारा कायदा हे एकाच बैठकीत, एकाच मसुद्यात आले पाहिजेत.

जबाबदारीचे कायदे कागदावर नाहीत असे नाही. प्रकाश सिंग ह्यांच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरणे नेमण्यास सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात तशी दुरुस्ती केली. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, आतबाहेर, चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. हे कॅमेरे आम्हांस शिक्षेच्या वाढीहून शंभर पटीने मोलाचे वाटतात. शिपायाच्या छातीवरही असा कॅमेरा लावला म्हणजे कोणी कोणास आधी धक्का दिला ह्याचा निवाडा फिर्यादीच्या शब्दावर अवलंबून राहणार नाही. खऱ्या हल्लेखोराला पळवाट राहणार नाही आणि खोट्या फिर्यादीलाही पाय फुटणार नाहीत. प्रामाणिक शिपायास त्याचे भय वाटण्याचे कारण नाही.

आमच्या शहरवासी व व्यापारी वाचकांसही एक शब्द सांगणे आहे. नाक्यावर गाडी अडविली की खिशातून आधी परवाना निघतो, की आधी मोबाइल निघून कोणा पुढाऱ्यास फोन जातो? ‘मी कोण आहे ठाऊक आहे काय’ ही हल्ल्याची पहिली पायरी आहे. सागरी सेतूवरून विधानभवनापर्यंत जी घटना पोहोचली तिचा आरंभ अशाच एका समजुतीत होता, की नियम इतरांसाठी आहेत. मोठ्याने शिपायास दमदाटी केली तर ती ओळख ठरते आणि लहानाने केली तर तो गुन्हा ठरतो, अशी वहिवाट पडली आहे. ती मोडावयाची तर शिक्षेचा आकडा वाढविण्यापेक्षा पहिला खटला एखाद्या वजनदार माणसावर वेळेत चालवून दाखवावा. सरकारशी भांडण्याची रीत आमच्या भागास अपरिचित नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातील गवत कापले आणि अटक पत्करली. कायदा मोडला, परंतु कोणा शिपायावर हात टाकला नाही. आणि सरकारची अब्रू त्या विळ्याने जितकी कापली तितकी दगडांनी कापली नसती.

तेव्हा पुन्हा एकदा कोणी विधेयक घेऊन उभा राहिला तर विदर्भातील आमदारांनी त्यास मत देण्यापूर्वी गृहखात्याकडे एक तक्ता मागावा. २०१८ पासून जून २०२४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांची शिक्षा जारी असता, कलम ३५३ खाली प्रत्येक जिल्ह्यात किती गुन्हे नोंदले गेले. त्यांतील किती पोलिसांच्या बाबतीत व किती इतर लोकसेवकांच्या बाबतीत होते. कितींचा निकाल लागला, किती दिवसांनी लागला, कितींस शिक्षा झाली, आणि त्यांतील एकास तरी दोन वर्षांहून अधिक शिक्षा झाली काय? हा तक्ता वाशीम जिल्ह्यापुरता जरी पुढे आला, तरी मानोऱ्याच्या ठाण्यातील हवालदारास आणि इंझोरीच्या शेतकऱ्यास, दोघांनाही, तो वाचावयास आवडेल.